टेस्ट कॉल

लालबागचे सुभेदार काका आमच्या वेबसाइट पुरस्काराचे परीक्षक आहेत. माजी सैनिकांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या साइट्स माजी सैनिकांनीच तपासायच्या, अशी आमची पद्धत. मानधन नाही, फक्त चहा. परळच्या ऑफिसात दहाच्या बैठकीला काका पावणेदहाला येतात आणि दाराकडे तोंड करून बसतात.

बाकीचे परीक्षक रंग, फोटो, अक्षरं बघतात. काका साइट उघडली की आधी संपर्काचा नंबर शोधतात आणि तिथल्या तिथे फोन लावतात. कोणी उचलला तर "जय हिंद, टेस्ट कॉल होता," एवढंच बोलून ठेवतात. नाही उचलला, तर शून्य.

यंदा सगळ्यांना आवडलेल्या साइटलाही त्यांनी शून्य दिलं. मी वैतागले. "काका, डिझाइन तरी बघा ना!"

"बघितलं गो. चौकी झकास रंगवलीय. आत माणूस नाय."

मग त्यांनी आमच्याच पुरस्काराची साइट उघडली आणि नंबर लावला. माझ्या ड्रॉवरमध्ये घुर्रघुर्र सुरू झालं. तो फोन मी रोज आल्याबरोबर सायलेंट करून आत टाकायचे. म्हाताऱ्या फौजींचे सारखे फोन यायचे म्हणून. काका फोन कट करेनात. शेवटी मी ड्रॉवर उघडला. स्क्रीनवर आधीचे अकरा मिस्ड कॉल होते. मी फोन कानाला लावला.

समोर बसूनच ते फोनमध्ये म्हणाले, "जय हिंद. टेस्ट कॉल होता."