येसाजीकाकांची उघाडी

आमच्या नागावात लोक समुद्र बघायला येतात आणि तुळशीरामच्या दुकानात एकदा शिरले की रॉड खांद्यावर टाकूनच बाहेर पडतात. दुकान म्हणजे आमच्या वाडीच्या कुंपणाला लागून असलेला एक गाळा. आत भिंतीला उभे रॉड, काचेखाली रिळं, डब्यांतून गळ, शिसं आणि तंगुसाच्या नायलॉन दोरीच्या गुंड्या. आमच्याकडे राहायला येणाऱ्या पाहुण्यांना मासे धरायची हौस आली की मी त्यांना तिकडे पिटाळते. त्यांची संध्याकाळ छान जाते आणि माझ्या डोक्याला शांतता मिळते.

तुळशीरामला मतं फार. गिऱ्हाईक बाहेर चप्पल काढतंय तोवर त्याने त्याची किंमत केलेली असते. "ज्याच्या जाकिटाला खिसे जास्त, त्याला मासे कमी," हे त्याचं पहिलं मत. रॉडचा रंग विचारणाऱ्याला तो आतला महागडा माल दाखवतच नाही. "वहिनी, माशाला रंग दिसतो तो आमिषाचा. रॉडचा रंग फक्त बायकोला दिसतो, घरी गेल्यावर." गळाची गॅरंटी मागणाऱ्याला तर तो सरळ कोळंबी विकत घेऊन घरी जायला सांगतो. एवढं बोलूनही दुकान चालायचं, कारण त्याची एक पद्धत होती. तो रॉडबरोबर जागा द्यायचा.

साधा रॉड घेतला तर रेवदंड्याची जेटी. बरा घेतला तर कोर्लईच्या बाजूचा एखादा खडक, आणि कुठल्या ओहोटीला तिथे उभं राहायचं तेही. त्याचं म्हणणं असं, की नुसता रॉड विकला तर माणूस रिकाम्या हाताने परततो आणि रॉडला नावं ठेवतो. जागा सांगितली की मासा लागतो आणि मासा लागला की रॉड चांगला ठरतो. मला हे पटायचं. मीसुद्धा पाहुण्यांना नाश्त्याबरोबर कुठलं मंदिर कधी उघडं असतं ते सांगतेच की.

त्याच्या दुकानात एक रॉड मात्र वर्षानुवर्षं विकला जात नव्हता. माशीचा रॉड. इतर रॉडमध्ये वजन गळाला असतं आणि ते दोरीला ओढून नेतं. यात वजन दोरीलाच असतं आणि टोकाला पिसांची बांधलेली माशी, जिला काही वजनच नाही. ती हवेत पुढेमागे झुलवत नेऊन पाण्यावर अलगद ठेवायची. तुळशीरामने हा रॉड हौसेने मागवला होता आणि आमच्या वाडीत नारळांच्या मधे उभा राहून तो झुलवायला शिकला होता. माझ्या दोन साड्या त्याने वाळत घातल्या जागी फाडल्या. मी त्या रॉडला चाबूक म्हणायचे. त्याला राग यायचा.

माशा बांधायला कोंबड्याच्या मानेची लांब, चिवट पिसं लागतात. बाजारातली कोंबडी काही कामाची नाही, तिला मानच नसते, असं तुळशीरामचं आणखी एक मत. ही पिसं त्याला मिळाली येसाजीकाकांकडे. येसाजीकाका कुंडलिकेच्या खाडीकाठी भातशेती करणारे, घरात म्हातारा आणि राही नावाची विधवा सून, दोघंच. पहिल्या भेटीत पिसं मागणारा हा वेडा बघून ते इतके हसले की नंतर दर वेळी कोंबडा कापला की मानेची पिसं धुऊन, वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायला लागले. आणि एका ओहोटीला त्यांनी तुळशीरामला उघाडीवर नेलं.

खारजमिनीच्या गावांत उघाडी म्हणजे जीव की प्राण. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध, आणि बांधात पाणी जायला एक दार. ओहोटीला दार उचलायचं, शेतातलं जादा पाणी खाडीत सोडायचं. भरतीच्या आधी दार टाकायचं. ते काम येसाजीकाकांकडे होतं, त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांकडे. पाणी सुटलं की त्याबरोबर बारीक मासळी वाहत येते आणि ती खायला दाराच्या तोंडाशी जिताडा उभा राहतो. गुडघे गेल्यापासून काकांना दुसरीकडे कुठे गळ टाकून गरवायला जाता येत नव्हतं. तिथेच बसून हातातल्या दोरीने ते कधीमधी एखादा धरायचे. त्या दिवशी काकांच्याच कोंबड्याच्या पिसांच्या माशीवर तुळशीरामला जिताडा लागला. काका त्याला म्हणाले, "ही जागा मी पोराला दावनार व्हतो. त्यो ऱ्हायला न्हाय. तू पोटात ठेव." तुळशीरामने हे मला परत आल्या आल्या सांगितलं, पण जागा कुठली ते मलाही सांगितलं नाही. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं होतं.

गेल्या कोजागिरीच्या तोंडावर पुण्याचा वरद नावाचा एक मुलगा दोन मित्रांना घेऊन आमच्याकडे उतरला. त्याने तो माशीचा रॉड भिंतीवर पाहिला आणि हातात घेऊन बरोबर झुलवला. तुळशीरामचा चेहरा असा उजळला, जणू मुलीचं लग्न ठरलं असावं. रॉड, रीळ, त्याने स्वतः बांधलेल्या माशांची डबी, सगळं गेलं. मी कुंपणातून ओरडले, "सुटलो रे बाबा, चाबूक गेला!" आता एवढ्या रॉडला जेटीची जागा कशी द्यायची? त्या आनंदात तुळशीराम बोलून गेला. उघाडी कुठे, रस्ता कुठला, आणि पाणी सुटलेलं असेल तेव्हाच जिताडा उभा राहतो, हेही.

मुलं भर ओहोटीला गेली. दार खाली होतं. त्या दिवशी पाणी सोडायची गरज नव्हती म्हणून काकांनी ते टाकून ठेवलं होतं. पाणी सुटलेलं नाही म्हणजे जिताडा नाही, असा मुलांनी हिशेब केला. तिघांनी मिळून दार उचललं, खाली नारळाचा एक ओंडका सारला आणि पाणी सोडलं. जिताडा लागला. फोटो काढले. मग ओंडका तिथेच ठेवून मुलं माझ्याकडे जेवायला आली आणि मी त्यांना तो जिताडा तळून वाढला.

त्याच रात्री कोजागिरीचं उधाण आलं. ओंडका पाण्याबरोबर वाहून गेला, दार तिरकं अडकून राहिलं आणि खारं पाणी दाणा भरलेल्या भातात शिरलं. काकांचं सगळं शेत गेलं, शेजारच्या दोन घरांचंही थोडंथोडं गेलं. तिरकं दार बघून गावाने ठरवलं की म्हाताऱ्याने ते नीट टाकलं नाही. कुणी भांडलं नाही. उलट सगळे समजुतीने बोलले, वय झालं, होतं असं. उघाडीचं काम दुसऱ्याकडे दिलं. काका म्हणाले म्हणे, "मी टाकला व्हता असाच वाटतंय. पन आता मना बी सांगता येत न्हाय."

मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं, की तुळशीराम जागा द्यायचा बंद झाला. पाहुणे येऊन तक्रार करायला लागले, तुमच्या त्या दुकानदाराला विचारलं तर म्हणतो मला काही माहीत नाही. खिशांबद्दल बोलणं नाही, रंगांबद्दल नाही. भिंतीवर वरदने पाठवलेला त्याचा जिताड्यासकट मोठा फोटो त्याने दिवाळीआधी कौतुकाने लावला होता, तोही गेला, नुसत्या चिकटपट्ट्या राहिल्या. होळी जवळ आली तेव्हा मी जाऊन त्याला झाडलंच. "तोंडाला काय शिवण घातलीस का रे? गिऱ्हाइकं मी पाठवायची आणि तू त्यांना हाकलायचं?"

त्याने काचेखालून तो फोटो काढला. मी बघितला. मुलगा, मासा, मागे बांध.

"मागे बघा, वहिनी."

मागे उचललेलं दार होतं आणि त्याखाली ओंडका. मग त्याने सगळं सांगितलं. फोटो भिंतीवर लावला तेव्हा त्याचं लक्ष माशाकडेच होतं. राही दिवाळीत पिसांची पुडी द्यायला आली, तेव्हा शेताचं आणि काकांचं तिच्याकडून कळलं. ती गेल्यावर त्याने फोटो पुन्हा पाहिला आणि उतरवला. "राही म्हणाली, मामंजी आता स्वतःशी बोलतात. चूल विझली का ते उठून उठून बघतात. मला म्हणाली, त्यांना भूल पडायला लागलीये, तुम्ही येऊन जा, तुमच्यावर जीव आहे त्यांचा." त्याने खणातली पुडी दाखवली. "मी गेलो नाही. पुडी तशीच आहे. उघडवत नाही मला."

मला इतका संताप आला की मी त्याच्या काउंटरवर हात आपटला. जीभ सैल सुटली ते मी समजू शकत होते. आनंदात माणूस बोलून जातो. पण दिवाळीपासून हा माणूस गप्प बसला होता आणि तिकडे एक शहाणा म्हातारा स्वतःला वेडा समजत होता. "स्कूटर काढ," मी म्हटलं. तुळशीराम उठला, बसला, परत उठला. शेवटी दुकानाची चावी त्याच्या हातातून मीच घेतली आणि कुलूप लावलं.

येसाजीकाका अंगणात बसले होते. आम्हाला बघून त्यांना एवढा आनंद झाला की राहीला त्यांनी लगोलग चहा टाकायला सांगितलं. तुळशीरामने फोटो पुढे केला. काकांनी तो डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ धरला.

"ह्यो ओंडका आमचा न्हाय," ते म्हणाले. "दार वर ठेवाया आमी साखली लावतो."

"पुण्याची मुलं होती, काका. कोजागिरीच्या आदल्या दिवशी. त्यांनी दार उचललं आणि तसंच सोडून गेली."

"मंजे मी इसरलो नव्हतो?"

"नाही."

"दार मी टाकला व्हता?"

"टाकलं होतं, काका."

काकांनी राहीला हाक मारली. फोटो तिला दाखवला, शेजारच्या घरातल्यांना बोलावून दाखवला, ओंडक्यावर बोट ठेवून ठेवून दाखवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते. मग त्यांनी तुळशीरामचे दोन्ही हात धरले. "तू व्हतास म्हनून कळला रे." आत जाऊन ते एक पुडी घेऊन आले. संक्रांतीला कोंबडा कापला होता, त्याच्या मानेची पिसं.

तुळशीरामने ती घेतली. मी त्याच्याकडे बघत होते. तो उठला, मला म्हणाला, "चला वहिनी." कुंपणाच्या झापापर्यंत, झावळ्यांच्या फाटकापर्यंत, आम्ही आलो. माझं तोंड त्याला दिसत असणार. झाप उघडायला त्याने हात पुढे केला आणि तिथूनच मागे फिरला. अंगणात उभा राहून, पुडी दोन्ही हातांत धरून तो म्हणाला, "काका, ती जागा त्यांना मी सांगितली."

काका हातातला फोटो घेऊन खाली टेकले.

"ठाव हाय," ते म्हणाले. "फोटू बघितला तवाच कळला. तुझ्याबिगर मी कुनाला दावलीच नव्हती."

"माझं चुकलं, काका. रॉड विकल्याच्या आनंदात—"

"त्याचा न्हाय रे काय. वावराचा पन न्हाय. दोनतीन पावसालं मीठ धुवून न्हेतील." त्यांनी फोटो मांडीवर पालथा घातला. "ह्यो फोटू तुझ्याकडं कवापासून हाय?"

तुळशीरामने खाली बघितलं. "दिवाळीच्या आधीपासून."

"दिवाली गेली. संक्रांत गेली." काकांचा आवाज चढला नव्हता. "रोज मी चूल इझली का ते बघाया उठतो. दाराची कडी लावतो नि परत जाऊन बघतो. राहीनं माझ्या हातात बाजाराची पिशवी देनं बंद केला. फोटू दावलास, बरा केलास. पन ह्ये आता कसा बंद व्हायाचा, सांग."

सगळ्यांवर मत असलेल्या तुळशीरामने नुसती पुडी काकांपुढे धरली. मी त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं बघितलं. मलाही वाईट वाटलं, आणि तरी त्याच्या बाजूने बोलावंसं वाटलं नाही.

"पिसां तुझ्याकडंच ठेव," काका म्हणाले. "कोंबरा गेला तो गेला."

आम्ही निघालो. काका आमच्या मागोमाग झापापर्यंत आले, आम्ही बाहेर पडल्यावर त्यांनी आतून कडी घातली आणि घराकडे वळले. तुळशीराम स्कूटर सुरू करत होता. चार पावलं गेल्यावर काका थांबले, परत आले, आणि कडी नीट लागलीय का ते त्यांनी हाताने चाचपून बघितलं. मग आमच्याकडे न बघता ते आत गेले.