नळाची एजन्सी अन् तीन कंप्लेंटी

टाकीच्या बुडाशी गाळ कसा बसते? कोनी आनून टाकत नाई, पन वर्साकाठी टाकी उघडली का बोटभर निंघतेच. आमच्या धंद्यातले किस्से बी तसेच. मी सांगाले म्हनून बसत नाई. पन कोनी "शालिकभाऊ, एजन्सी कशी काय?" इतकं विचारलं का सारा गाळ वर येते!

त आयका. मी शिकलो सातवीवरी. नळफिटिंग शिकलो देवाजी मिस्त्रीच्या हाताखाली. मंग शहापूरले हायवेवर दुकान टाकलं अन् एका मोठ्या कंपनीची एजन्सी घेतली. निळा बोर्ड लागला, निळे शर्ट आले. देवाजी मिस्त्री आता माह्याच दुकानात कामाले हाय. म्हंजे मालक मी, पन शिव्या अजून तोच मले देते.

कंपनीची अट एकच. पह्यल्या वर्सात "उद्धट वागणूक" अश्या तीन कंप्लेंटी आल्या का बोर्ड उतरला! या बोर्डापाई मी हातातले सारे जुने ठेके सोडले होते. बोर्ड गेला असता त मी पुन्हा सायकलले थैली लटकवून गावोगाव.

बायकोनं, सुनंदानं, ते अट वाचून दाखोली अन् म्हन्ली, "तीन? तुमच्या तीन त सकाळच्या चायच्या आदी होतात!"

*

नागपूरले तीन दिवस ट्रेनिंग झालं. "यशस्वी एजन्सीमालक कसे व्हावे." टायवाले सर म्हनले, "ग्राहक नेहमी बरोबर असतो."

मी हात वर केला. "सर, गिऱ्हाइक म्हन्ला का संडासचा पाईप विहिरीत सोडा, त?"

"त्याला शांतपणे समजवायचं."

"नाई समजला त?"

"पुन्हा समजवायचं. आवाज न चढवता."

"सर, तुमी मोहाडीच्या बाजारात कधी वांगे तरी घेतले का?"

सारा हॉल हासला. सर्टिफिकेट सगळ्याईले हातात भेटलं. मले पोस्टानं आलं!

*

पह्यली कंप्लेंट मोहाडीच्या एका रिटायर गुरुजीची. त्याईच्या बाथरूमचा नळ बदलाचा होता. गुरुजी मोबाईलवर व्हिडिओ लावून माह्या पाठीमागं उभे. "असा नाही, उजवीकडून! टेप आधी लावा! यात बघा, हा माणूस कसा करतो!"

पंधरा मिनटं मी दम धरला. माह्यासाठी हे लय झालं. मंग पाना त्याईच्या हातात देल्ला. "घ्या गुरुजी. तुमीच करा. मी व्हिडिओ पाह्यतो."

अन् गुरुजीनं खरंच केलं! मेन वाल बंद न करता नळ खोलला. पानी थेट छताले. गुरुजी, मोबाईल, वाळत घातलेलं धोतर, सारं ओलं!

त्याईनं कंपनीले फोन केला. मले वाटलं, पान्याची कंप्लेंट असन. नाई! त्याईनं लिवून देल्लं, "मिस्त्री खुर्चीवर बसून चहा पीत बघत होता आणि दुसरा कपही मागितला."

हे बाकी खरं हाय. गुरुजीच्या घरच्या वैनीनं चाय चांगला केला होता.

*

कंपनीनं एक प्लास्टिकची पिशवी देल्ली होती पायात घालाची. बूट घालून गिऱ्हाइकाच्या घरात जाचं, त बुटावर ते पिशवी चढवाची, म्हंजे फरशी खराब होत नाई. आता आमच्याकडे चप्पल घालून कोनाच्या घरात कोन जाते जी? पन नियम म्हंजे नियम.

देवाजीनं पवनीले एका घरी भायेर चपला काढल्या, पाय धुतले, अन् त्या धुतल्या पायाईवर निळ्या पिशव्या चढोल्या. घरची बाई दारातच आडवी झाली.

"थांबा जी! पायाले काय झालं तुमच्या?"

"काई नाई बाई, कंपनीचा नियम हाय."

"खरूज असलेल्या मानसाले कामावर ठेवाचा नियम हाय का?"

देवाजीले पिशव्या काढून दोन्ही तळपाय उजेडात दाखवा लागले! शेजारच्या दोन बाया बी पाहून गेल्या. मंग आतमदी एन्ट्री भेटली.

वापस आल्यावर त्यानं त्या पिशव्या माह्या टेबलावर आपटल्या. "शालक्या, चाळीस वर्स नळ बसोले, पन असी तपासनी कोनी केली नाई!"

*

काम झालं का गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर स्टार येतात. पाच भेटले त चांगलं. शहापूरच्या एका काकीचं मी मोटारीपासून किचनवरी सारं नवीन करून देल्लं. नळ सोडला त पानी असं धो धो! काकी खुश. मोबाईलवर तीन स्टार देल्ले.

मी म्हन्लं, "काकी, काम चांगलं नाई झालं का?"

"लय चांगलं झालं बाप्पा!"

"मंग पाच द्या ना."

काकीनं मोबाईल पदराआड घेतला. "पाच? अरे, जावयाले मी अडीच देतो! तुले त अर्धा जास्त देल्ला!"

*

दुसरी कंप्लेंट अशी. बरसातीनं दडी मारली होती. एका शेतकऱ्याचा फोन आला, "तुमचा नळ खराब हाय. पानी येत नाई. वारंटीत हाय, बदलून द्या."

वीस किलोमीटर गाडी हाकलून गेलो. नळ पाह्यला, चांगला. पाईप पाह्यला, चांगला. वर चढून टाकी पाह्यली, कोरडी ठन्न!

"पानी कुठं गेलं?"

"धानाच्या पऱ्ह्याईले देल्लं ना! रोपं सुकून राह्यले होते."

"टाकीतलं?"

"हो. टाकीतलं, पिंपातलं, सारं."

"मंग नळातून काय येईन बे? माह्यं डोस्कं?"

हे जे बोललो, ते जसंच्या तसं कंपनीत पोहोचलं. "बे" सकट!

*

दोन झाल्या म्हनून नागपूरवरून साहेब आले. चांगला मानूस, पन हातात टॅबलेट. म्हनले, "आज मी तुमच्यासोबत एका कामावर येतो. आज तिसरी आली, तर बोर्ड गाडीत टाकूनच नेणार."

सुनंदानं दारातच बजावलं, "आज ते जीभ दुकानात ठेवून जा जी."

काम होतं परसरामचं. पवनीजवळच्या खेड्यातला मानूस, पंधरा वर्सांपासूनचं माह्यं गिऱ्हाइक. त्यानं बाथरूमात स्वतःच आंघोळीचा नवीन फवारा बसोला होता अन् त्यातून थेंब येत नोता.

गेलो. पाह्यलं. माह्या कानातून वाफ निंघाली! त्यानं टाकी ठेवली होती गाईच्या कोठ्यावर, अन् फवारा लावला होता टाकीपेक्षा दोन हात वर!

साहेब बाजूले उभे. मी परसरामले म्हन्लं, "सर, टाकी थोडी वर घेतली असती तर उत्तम झालं असतं."

परसरामनं मांगं वळून पाह्यलं, तिथं कोन सर हाय म्हनून. कोनीच नोता.

"शालिक, बरं हाय ना तुले?"

"हो सर. आपण स्टँड उंच करू या."

परसराम पांढरा पडला. घरातून वैनीनं हळूच विचारलं, "अजी, भाऊजीच्या घरी कोनी गेलं-बिलं त नाई?"

साहेबानं टॅबलेट उघडला. "परसरामजी, मिस्त्रींबद्दल काही तक्रार?"

"हाय ना जी! लिवा!"

झालं. मले बोर्ड गाडीत चढताना दिसला.

"हा मानूस ओरडून नाई राह्यला! याच्या ओरडन्यावरून मले समजते का माह्यं कुठं चुकलं. आज सर म्हन्ते, उत्तम म्हन्ते. एक त याले बिमारी हाय, नाई त माह्यं काई मोठं बिघडलं अन् हा लपवून राह्यला!"

साहेबानं टॅबलेटवर बोट वर केलं, खाली केलं. अश्या कंप्लेंटीचा खानाच भेटेना. शेवटी माह्याकडे पाह्यलं.

"शालिकभाऊ, जरा बोला ना यांना."

"काय बोलू?"

"नेहमीचं."

"कंपनीची परवानगी हाय?"

"आहे, आहे. बोला!"

"अबे परस्या! कोठ्यावर टाकी अन् आभाळात फवारा? पानी काय शिडी लावून चढन का बे? गाईले तरी विचारलं असतं, तिनं सांगतलं असतं!"

परसरामचं तोंड असं फुललं का काय सांगू! "हां! आता समजलं! आयकलं का व, चाय मांड!" अन् गडी स्टँड उंच कराले कोठ्यावर चढला बी.

साहेबानं टॅबलेट सही कराले माह्यापुढं धरला. उद्धट वागनुकीचा खाना कोरा होता. खाली लिवलं होतं:

"तक्रार: मिस्त्री ओरडले नाहीत. जागेवरच निवारण केले."