सूर लिहून घेणारे गुरुजी

गुरुजी ऐकायला बसले की उजवा हात हवेत धरायचे. समोरच्याचा आवाज चढला की हात वर, उतरला की खाली. तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असता, यांच्या अंगात आलंय.

आमच्या बेटाच्या स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. किनाऱ्यावरच्या माएबूर्ग गावात आमच्या पुढच्या खोलीत ते भाड्याने राहत. शाळेत शिकवत, पण जीव दुसरीकडेच. आमच्या गल्लीत एक म्हातारे कोळी होते, लहानपणी मोझांबिकहून जहाजावर आलेले. सगळे त्यांना तोंतों, म्हणजे काका, म्हणत. त्यांची मकुवा भाषा गावात दुसऱ्या कुणाला येत नव्हती. त्या भाषेत शब्द एकटा असला की त्याचा सूर एक, जोडीला दुसरा शब्द आला की सूर वेगळा. त्याचे नियम शोधून गुरुजींना पुस्तक लिहायचं होतं.

दुपारी व्हरांड्यात टेपरेकॉर्डर लागे. मी दाराशी भाजी निवडत बसे.

"तुमच्या भाषेत म्हणा, माझं मोठं घर."

"आयो गुरुजी, पत्र्याची खोली माझी. मोठं घर कुठलं?"

"नसू दे. म्हणा."

"शाळेत पोरांना हेच शिकवता का, खोटं बोलायला?"

एक दिवस गुरुजींनी वहीतून वाचलं, "माझे दोन मुलगे."

तोंतोंचे दोन्ही मुलगे एकाच नावेतून गेले होते, वादळातून परतले नव्हते. गुरुजी गावात नवे. मला ठाऊक होतं, पण परक्या पुरुषांसमोर माझं तोंड उघडत नसे.

तोंतोंनी म्हटलं. शेवटी आवाज खोल गेला. गुरुजींचा हात गुडघ्यापर्यंत उतरला. "आणखी एकदा." पुन्हा तसंच. "आणखी एकदा." तिसऱ्यांदा म्हणून तोंतों उठले आणि टोपी विसरून निघून गेले.

"वहिनी, सापडलं! 'दोन' आला की सूर पडतो!"

तेव्हा मी सांगितलं.

गुरुजींनी टेपरेकॉर्डर बंद केला. "म्हणजे नियम नव्हता तो."

"दोन घरं म्हणायला सांगा. दोन टोपल्या," मी म्हटलं.

"आता कुठल्या तोंडाने?"

टोपी घेऊन ते माफी मागायला गेले. तोंतों म्हणाले, "तुमची चूक नाही. पण आता मला जमणार नाही." ऊसतोडणीच्या आधीच ते वारले.

गुरुजींची बदली झाली. पुढे बों अक्योय गावी एका लग्नात भेटले. मी पुस्तकाचं विचारलं.

"राहिलं, वहिनी. टेप लावतो. आवाज उतरला की वाटतं, हा भाषेचा की त्यांचा?"

गुरुजी गेल्याचं परवा कळलं. तुम्ही आधी का बोलला नाहीत, असं त्यांनी मला कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.