डाव्या पिंपातली गोटी

माझ्या भावाला, डेंबोला, दोन बायका. मोठी निमासाता, धाकटी सीरा. नवरा वारल्यापासून मीही त्यांच्याच अंगणात राहते. तेव्हा कोण कुणावर किती जळतं, ते मला विचारा.

निमासाताचं जळणं मला कधी खोटं वाटलं नाही. या घरासाठी तिनं उभा जन्म शेंगा फोडल्या, माझ्या आईचं दुखणं काढलं. आणि निवडणुकीला पक्षाच्या रंगाचं कापड आलं, तेव्हा डेंबोनं ते सीराच्या मांडीवर ठेवलं. निमासाताला वर सुनावलं, तुला आता कुठं मिरवायचंय? ती घागर उचलून निघाली. विहिरीवर मला म्हणाली, "वन्सं, ह्यांच्या माणसाला माझी गोटी मिळायची नाही."

दिवस वाईट होते. नाक्यावर शिपाई, बाजार बंद, रेडिओवर रोज नवी धमकी. देशभर चुरस असली तरी आमचं गाव एकजात डेंबोच्या पक्षाचं, आणि डेंबो गावचा पुढारी. त्यानं जाहीरच केलं होतं, माझ्या घरातल्या बाईची गोटी विरोधकाच्या पिंपात पडली, तर तिनं माहेरची वाट धरावी.

आमच्याकडे मत म्हणजे गोटी. पडद्याआड जाऊन आपल्या उमेदवाराच्या पिंपात टाकायची, आत घंटा वाजते. म्हणून तर मतदानाच्या दिवशी, मतं पडतात त्या शाळेपाशी सायकलला बंदी असते, तिच्या घंटीनं घोटाळा नको. पिंपं शेजारीशेजारी, घंटा सारख्याच. तरी रांगेतली शहाणी माणसं कान टवकारून ठरवतात, कुठलं वाजलं ते.

संध्याकाळी सगळ्यांदेखत पिंपांतल्या गोट्या मोजायच्या ताटांत ओतल्या. विरोधकाच्या ताटात एकच गोटी निघाली. माणसं डेंबोकडे बघून हसली. तो पाय आपटत घरी आला, तर निमासाता तयारच होती.

"मी कशाला कुणाचं वाईट चिंतू? पण सीराची घंटा डावीकडून वाजली. डावं पिंप विरोधकाचं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिचं लक्ष सीराच्या दारावर होतं. डेंबो आत गेला होता आणि ती आरडाओरड ऐकायला उभी होती.

आतून सीराच्या रडण्याचा आवाज आला, मी नाही टाकली म्हणून. मग डेंबोचा, हळू. "रुसलीस होय माझ्यावर? कापड आवडलं नाही का? असू दे, दुसरं आणतो. रडू नको बघू."

एवढ्या मऊ आवाजात तो निमासाताशी कधी बोलला नव्हता. तिचा चेहरा मला बघवेना. ती सरळ दारात जाऊन उभी राहिली.

"अहो, ती गोटी माझी. मी टाकली."

डेंबो हसला. अगदी मनापासून हसला.

"तू? सवतीला सांभाळून घेतेस, चांगली आहेस. पण तुझ्याच्यानं ते व्हायचं नाही. जा, चहा ठेव."

ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "वन्सं, तुम्ही तरी सांगा हो त्यांना."

मी सांगितलं. त्यानं माझंही ऐकलं नाही.