रजिस्टरवरचा तळहात

लिंबायतच्या पोलीस चौकीतल्या त्या जमादाराचं नाव मी कधी विचारलं नाही. नव्वदच्या दशकात मी तिथल्या बायकांच्या मदत केंद्रात काम करायचे. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार चौकीत आली, की त्या बाईचा पत्ता घ्यायला मी जायचे.

जमादार रजिस्टर उघडायचा आणि रुंद तळहात पानावर पालथा ठेवायचा. "काय पाहिजे, ताई? कशासाठी? बाईला विचारलं?" तिन्ही उत्तरं मिळाली की हवी तेवढीच ओळ चिठ्ठीवर उतरवून द्यायचा.

एकदा मी चिडलेच. "अहो, या परमुलखात आपण दोघंही खानदेशातले. एवढाही भरवसा नाही?"

त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"भरवशानंच घात केला, ताई. एक बाई नवऱ्याच्या माराला कंटाळून शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला लपून राहत होती. एक माणूस आला. 'मी तिना भाऊ शे,' म्हणाला. आपली अहिराणी ऐकली आणि मी विरघळलो. काही न विचारता पत्ता दिला. तो तिचा दीर निघाला."

"मग तिचं काय झालं?"

त्याने तळहात पुन्हा पानावर ठेवला.

"बोला. बाईला विचारलं?"

मी विचारलं नव्हतं; आजवर कधीच नाही, नुसतं 'हो' म्हणून चिठ्ठी घ्यायचे. तिच्या भल्यासाठीच जायचं, मग विचारायचं काय, असं मला वाटत आलं होतं. "ती परत चौकीत आली की तुम्हीच विचारा," एवढं म्हणून मी चिठ्ठी न घेता उठले.

त्याने पहिल्यांदाच मला दारापर्यंत सोडलं.