खालच्या मजल्यावरची संदर्भसूची

ऑक्टोबर सरता सरता दिल्लीत सातवीण फुलते आणि संध्याकाळची हवा त्या उग्र, गोडसर वासाने जड होते. आमच्या नोएडाच्या सोसायटीत लोक नाकाला रुमाल लावतात. मी मात्र खुळ्यासारखा फाटकाशी रेंगाळतो. त्या वासासरशी आर. के. पुरमचं आमचं जुनं क्वार्टर आठवतं आणि खालच्या मजल्यावर मुलाकडे राहणारे काका. मूळचे नगरकडचे, प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, दर रविवारी न चुकता चर्चला जाणारे.

लेक तेव्हा नववीत होती. शाळेत वादविवाद होता: सृष्टी देवाने निर्मिली की ती उत्क्रांत होत गेली? तिच्या वाट्याला उत्क्रांती आली आणि पुस्तकं शोधायचं काम मी छाती काढून अंगावर घेतलं. हयात सरकारी फायलींत गेलेली. जी फाइल जाड ती भक्कम, हा माझा निकष. त्याच निकषावर जुन्या पुस्तकांच्या बाजारातून गुळगुळीत कागदाचा, जीवाश्मांच्या रंगीत चित्रांचा एक ठोकळा उचलला. आठवडाभर लेक त्यातून टिपणं काढत होती आणि रोज थोडी जास्त गोंधळत होती.

"बाबा, हे तर माझ्याच विरुद्ध बोलतंय, यार."

मोठे लेखक दोन्ही बाजू मांडतात, असं मी ठोकून दिलं. काकांना विचारू या, असं बायको म्हणाली, तर तिलाच गप्प केलं. देवभक्त माणूस, उगाच दुखावेल.

दोन दिवस उरले तेव्हा लेक मला न सांगताच खाली गेली. तासाभराने मलाही बोलावणं आलं. काकांनी पुस्तक मागून उघडलं होतं, संदर्भसूचीच नव्हती. पुस्तक उत्क्रांती खोडून काढायलाच लिहिलेलं होतं, आणि त्यासाठी आत एका शास्त्रज्ञाची उत्क्रांतीबद्दलची शंका छापली होती. काकांनी कपाटातून त्याचा मूळ ग्रंथ काढून तेच पान लेकीपुढे धरलं. शंका होती, पण पुढच्याच ओळीत तिचं उत्तर होतं. नेमकी ती ओळ गाळलेली.

"कुणाचं काय म्हणणं आहे, ते त्यालाच जाऊन विचारायचं, बाळ."

मी चाचरत म्हणालो, "पण काका, तुमची श्रद्धा..."

"बायबल मी रोज सकाळी वाचतो. बेडकाची हाडं मोजायला मात्र बेडूकच घ्यायचो." मग जरा थांबून, हसतच, "तुम्ही मला आधी का नाही विचारलंत?"



लेकीने भाषण नव्याने लिहिलं, ते छान झालं. नंबर कितवा आला, आठवत नाही. काका आता नाहीत. वर्षांच्या ओघात त्यांचा चेहराही पुसट होत चाललाय, तो प्रश्न मात्र अजून तसाच समोर बसलेला असतो. चार वर्षं मी त्यांच्या घरचा चहा प्यालो, आणि त्यांच्या मनात काय असेल ते माझं मीच ठरवून टाकलं होतं.