सासूबाईंचा उपास

ग्लुकोजची पुडी फोडली की तो लिंबाचा वास मला अजून माणगावच्या लॅबमध्ये नेतो. मला सहावा महिना होता आणि गरोदरपणातल्या साखरेची तपासणी करायची होती. मला उपाशीपोटी बोलावलं होतं, म्हणून तळा गावाहून सोबत आलेल्या सासूबाईंनीही चहा घेतला नव्हता. "पोटुशी उपाशी नि मी पिऊ? न्हाय जमत." माझं रक्त घेताना लॅबवाली हसली, "आजी, उपाशी आहातच, तर तुमचंही देऊन टाका." मग मी ते गोड पाणी नाक मुरडत प्यायले, सासूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. संध्याकाळी कळलं, माझी साखर ठीक होती, त्यांची मात्र खूप वाढलेली. "बाळ बरा हाय ना?" एवढंच त्यांनी विचारलं. तेव्हापासून त्यांचा चहा बिनसाखरेचा, आणि माझाही. तू तरी साखर घाल, म्हणून त्या रोज रागावतात. मी म्हणते, न्हाय जमत.